वास कपड्याला, नाव मुलीला

मैत्रिणींनो, डिसेंबर उजाडला की तुमच्याही घरी शाळेतून निरोप येत असेल. ‘स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी आपल्या पाल्याच्या पोशाखाचे भाडे अमुक रुपये सोमवारपर्यंत जमा करावे.’ निरोप वाचून तुम्ही कपाळाला हात लावता, आणि मग पोरीच्या तोंडाकडे बघून डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटा काढता. आज मी तुम्हांला या निरोपाच्या दुसऱ्या टोकाची हकीगत सांगणार आहे. म्हणजे निरोप पाठवणाऱ्या बाईंची! तीत थोड्या घरगुती युक्त्या आहेत, आणि माझी एक चूकही आहे. युक्त्या तुमच्या उपयोगी पडतील. चूक मात्र तुम्ही करू नका, म्हणूनच लिहायला बसले.

मी राहते कुपवाडला. सांगली आणि मिरज या दोन नावाजलेल्या बहिणींची ही तिसरी, कष्टाळू बहीण. १९९८ साली तिघींची मिळून एक महानगरपालिका झाली, तरी सांगलीला नाटक, मिरजेला गाणं आणि कुपवाडला एमआयडीसीचे कारखाने, ही वाटणी लोकांच्या डोक्यातून काही जात नाही. मी बी. ए. झालेली. सकाळी स्वयंपाक, डबे, सासूबाईंचं औषधपाणी उरकायचं आणि दुपारी शाळेत तासिकांवर इतिहास नि मराठी शिकवायचं, असा माझा दिवस. अशा अर्धवेळ बाईंच्या वाट्याला शाळेत आणखी काय येतं, ते काय सांगायला हवं? दारातली रांगोळी, सत्काराचे नारळ, आणि संमेलनाचा नाच!

दोन वर्षांपूर्वी आम्ही मंगळागौरीचे खेळ बसवायचं ठरवलं. सहावी-सातवीच्या आठ मुली निवडल्या. झिम्मा, फुगड्या, पिंगा सगळं झकास बसलं. पोशाखासाठी ड्रेपरीवाल्याकडे चौकशी केली, तर एका नऊवारीचं नि पोलक्याचं दिवसाचं भाडं अडीचशे रुपये. शिवाय अनामत वेगळी. आमच्या मुलींच्या बऱ्याचजणींच्या आया कारखान्यात पॅकिंगला जातात, वडील लेथवर उभे असतात. त्यांच्याकडे अडीचशे रुपये मागायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात कळलं, की मिरजेत एक नाचाचा क्लास बंद झाला आहे आणि तिथले पोशाख विकायचे आहेत. गेले, पाहिले, घासाघीस केली. अठराशे रुपयांत पत्र्याची एक भलीमोठी पेटी माझी झाली! आत आठ शिवलेल्या नऊवाऱ्या, आठ अस्तर लावलेली पोलकी, खऱ्या रेशमाचे दोन भरतनाट्यमचे पोशाख, मखमलीचा एक झगा आणि टिकल्यांच्या चार ओढण्या. आठ दिवसांचं भाडंही नाही आणि पोशाख कायमचे शाळेचे! माझा आनंद काय सांगू!

आमच्या ह्यांनी रिक्षातून पेटी उतरवून घेतली आणि झाकण जरा उचलून पाहिलं. म्हणाले, “अगं, यात नाचाचे कपडे आहेत की नाचणाऱ्याच अजून आत बसल्या आहेत?”

सासूबाईंनी तर नाकाला पदर लावला. “हे गाठोडं उंबऱ्याच्या आत आणू नकोस गं बाई!”

वास खरोखरच उग्र होता. तो एक वास नव्हता, वासांचं संमेलनच होतं! वर डांबरगोळ्यांचा दर्प. त्याखाली पावसाळाभर बंद राहिलेल्या कपड्यांचा कुबट वास. त्याखाली कुठल्या तरी जुन्या सेंटचा गोडगोड, डोकं उठवणारा वास. आणि सगळ्यांत तळाशी, काखेच्या अस्तरात मुरून बसलेला आंबूस घाम. किती मुली त्या पोलक्यांत नाचून गेल्या असतील कोण जाणे!

तो दिवस होता गुरुवार, आणि शनिवारी रंगीत तालीम. आता मी काय करायला हवं होतं? सगळं धुवायला हवं होतं. पण शुक्रवारी चाचणीचे पेपर तपासायचे होते, घरी पाहुणे होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता. मी कपडे रात्रभर गच्चीवर टांगले, सकाळी काखेत टाल्कम पावडर भुरभुरली आणि वरून ह्यांच्या सेंटचा फवारा मारला. शेवटी मी नाट्यपंढरीची लेक! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते आमच्या सांगलीतच. बालगंधर्व १९०५ साली शकुंतला होऊन पहिल्यांदा उभे राहिले ते मिरजेत. त्यांच्या भरजरी शालूंच्या आणि अत्तराच्या शौकाच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. म्हटलं, गंधर्वांचं अत्तराने साजरं झालं, तर आमच्या मंगळागौरीचं का होऊ नये? अत्तर लावायचं ते धुतलेल्या कपड्याला, एवढी साधी गोष्ट मात्र मी सोयीस्करपणे विसरले.

आता कबुली. आठांतलं एक हिरवं पोलकं सगळ्यांत वाईट होतं. सेंट मारूनही जवळ नेलं की श्वास अडे. वाटप करताना ते माझ्या हातात आलं आणि मी मुलींच्या रांगेकडे पाहिलं. डॉक्टरांच्या मुलीला देऊ? तिची आई दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाईल. नगरसेवकांच्या पुतणीला? नकोच. माझा हात आपोआप रांगेतल्या शेवटच्या मुलीकडे गेला. सातवीतली, काळीसावळी, चुणचुणीत, फुगडीत सगळ्यांत तरबेज. वडील नाहीत, आई कारखान्यात. ती तक्रार करणार नाही, हे मला ठाऊक होतं. मैत्रिणींनो, ते ठाऊक होतं म्हणूनच तो हात तिकडे गेला.

तालीम सुरू झाली. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मुली तापल्या, घामेजल्या, आणि अस्तरात झोपलेला वास जागा झाला. वर सेंटचा थर! दोन्ही मिळून जे काही तयार झालं, त्याला मराठीत शब्द नाही. फुगडीला हात धरलेली तिची जोडीदारीण तोंड फिरवून फिरू लागली. झिम्म्याच्या रिंगणात तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी पडली. मी ते पाहिलं, आणि काय म्हणाले? “मुलींनो, लक्ष कुठाय? ताल चुकतोय!”

सोमवारी ती शाळेत आली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी होती, पाळी संपवून थेट आलेली, डोक्याला कारखान्याचा रुमाल तसाच. मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, माझ्या पोरीच्या अंगाला वास येतोय असं पोरी म्हनत्यात. ती रोज आंघूळ करून येती हो. परवाधरनं तर दोन-दोन बारी करतीया. दगडानं काखा घासून सालटं काढून घेतलंय तिनं. काय औषध असंल तर सांगा.”

ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली नव्हती. औषध विचारायला आली होती! मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. मी म्हटलं, “ताई, वास तुमच्या मुलीला नाही, तो मी दिलेल्या पोलक्याला आहे. आणि ते देताना मला माहीत होतं.”

ती काही क्षण बोलली नाही. मला वाटलं, आता चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तर बरंच झालं असतं. पण ती म्हणाली, “दावा बघू ते झंपर.” मी कपाटातून आणून दिलं. तिने नाकाशी नेलं, मान मागे घेतली, आणि सरळ उलटं करून अस्तर बोटाने चाचपलं. “उलटं करून धुतलासा का बाई? घाम आतनं येतोय. साबन वरनं लावून काय व्हतंय?”

“मी अजून ते धुतलेलंच नाही,” मी म्हटलं. ही दुसरी कबुली पहिलीपेक्षा जड गेली.

आणि मैत्रिणींनो, मला धुण्याची माहिती नव्हती असंही नाही. माझं माहेर सांगलीचं, नदीकाठचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलाशी पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा आईची कपाटं पुराच्या पाण्यात बुडून निघाली. पाणी ओसरल्यावर पंधरा दिवस मी तिथे चिखलाने माखलेले कपडेच धूत होते. तो वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना सांगायला नको. तेव्हाच कळलं होतं की वास झाकता येत नाही. तो जिथून येतो ती घाणच काढावी लागते. सेंट मारणं म्हणजे उष्ट्या ताटावर झाकण ठेवण्यातला प्रकार!

दुसऱ्या दिवशी मी आठही मुलींना एकत्र बसवलं. सगळी पोलकी समोर ठेवली आणि एकेकीला प्रत्येकाचा वास घ्यायला लावला. नाकं मुरडून, हसून झाल्यावर म्हटलं, “हे पोशाख तुमच्या आधी कित्येक मुलींनी घातले आहेत. हिरवं पोलकं सगळ्यांत खराब होतं आणि ते मी मुद्दाम हिला दिलं, कारण ही बोलणार नाही असं मला वाटलं. चूक माझी आहे.” वर्ग चिडीचूप. ती मुलगी खाली मान घालून बसली होती. मग तिची ती जोडीदारीणच हळूच तिच्याजवळ सरकली. मी अधिक काही बोलले नाही.

रविवारी आमच्या परसात धुणं मांडलं. तिची आई आली, मुलींतल्या चौघी आल्या, सासूबाईही खुर्ची टाकून हुकूम सोडायला बसल्या. त्या दिवशी जे केलं आणि त्यानंतर वाचून, विचारून जे शिकले, ते आता क्रमाने सांगते. मुलीचा नाचाचा पोशाख असो, नात्यातून आलेला शालू असो की जुन्या बाजारातून घेतलेला घागरा, सगळ्यांना हे लागू आहे.

आधी नाकाने निवड करावी. सगळे कपडे उलटे करून दोन दिवस वाऱ्यावर टांगावेत. वरवरचे वास एवढ्यानेच जातात, आणि मागे उरतो तो खरा वास. मग घामाचे, कुबट आणि डांबरगोळ्यांचे असे तीन ढीग करावेत. प्रत्येकाचं औषध वेगळं.

घामाचं पाहा. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवरचे जंतू त्यातले घटक खातात, त्यातून वास तयार होतो. सुती धागा पाणी पितो, म्हणून साबणपाणी आतपर्यंत जातं आणि कपडा लवकर निवळतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी घेत नाही, पण तेलकट अंश मात्र धरून बसतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली व्यायाम करणाऱ्यांचे शर्ट तपासले, तेव्हा सुती शर्टांपेक्षा पॉलिएस्टरचे शर्टच जास्त वास मारताना आढळले. आणि नाचाचे स्वस्त पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचेच असतात!

अशा कपड्याला उलटं करावं. एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी एकत्र करून त्यात फक्त काखेचा नि गळ्याचा भाग अर्धा तास भिजवावा. जरीला मात्र व्हिनेगर लागू देऊ नये, जर काळवंडते. नंतर साध्या पाण्यातून काढून, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात एन्झाइम असलेली धुण्याची पावडर घालून तासभर ठेवावं. मग मऊ ब्रशने अस्तर आतून घासावं आणि भरपूर पाण्यात खळबळावं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव शेवटच्या पाण्यात घालू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि वास आत कोंडतो.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालायची पुष्कळजणींना सवय असते. फेस छान येतो, पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि हाती साधं पाणी राहतं. वापरायचे तर वेगवेगळ्या वेळी वापरावेत. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीचिंगचं पाणी तर कधीच, चुकूनसुद्धा मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

वास गेला की नाही, हे ओल्या कपड्यावर कळत नाही. कपडा पुरता वाळू द्यावा, मग काखेचा भाग दोन तळव्यांत मिनिटभर दाबून गरम करावा आणि नाकाशी न्यावा. उबेने वास जागा होतो. माझी तालीम फसली ती इथेच! गार कपड्याचा वास घेऊन मी समाधान मानलं होतं. वास असेल तर पुन्हा धुवावं. तोवर इस्त्री फिरवू नये, उष्णतेने तो तेलकट अंश धाग्यात आणखी घट्ट बसतो. आमच्या हिरव्या पोलक्याला तीन पाणी लागली. तरी काखेचं अस्तर ऐकेना. शेवटी तिच्या आईने कात्री मागितली, तेवढं अस्तर काढून टाकलं आणि माझ्या जुन्या सुती पातळाचा तुकडा लावून दिला. कधीकधी हाच सर्वांत स्वस्त उपाय असतो.

कुबट वासावर ऊन हेच औषध. बुरशीचे ठिपके असतील तर कपडा घराबाहेर नेऊन झटकावा, कोरड्या ब्रशने झाडावा, मग धुवावा. उन्हात टाकताना उलटा टाकावा, नाहीतर रंग उडतो. आणि ढगाळ दिवशी हे काम काढूच नये. अर्धवट वाळलेला कपडा घडी करून ठेवला की पहिले पाढे पंचावन्न.

डांबरगोळ्यांचा वास धुण्यापेक्षा हवेने जातो, कारण त्या गोळीची हवेत वाफ होत असते. चार-आठ दिवस वाऱ्यावर, सावलीत ठेवून मग धुवावं. घाई करू नये. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका एन्झाइमची, म्हणजे जी-सिक्स-पी-डीची कमतरता असते. अशा मुलांच्या रक्तपेशी या गोळ्यांच्या संपर्काने फुटू शकतात. म्हणून लहान मुलांच्या कपड्यांत तर डांबरगोळ्या ठेवूच नयेत.

आता रेशमाचं. आमचे भरतनाट्यमचे पोशाख रेशमाचे. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि एन्झाइमची पावडर प्रथिनच खाते. खाण्याच्या सोड्याने नि धुण्याच्या सोड्यानेही रेशमाचा पोत जातो. त्याला आपले रिठे बरे. आठ-दहा रिठे बिया काढून रात्रभर भिजत घालावेत, सकाळी कुस्करून पाणी गाळून घ्यावं, त्यात कपडा थोडा वेळच ठेवावा. चोळू नये, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून सावलीत वाळवावा. रंग जातो का, हे आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून पाहावं. जरीचं काम जड असेल तर सरळ ड्रायक्लीनिंगला द्यावं, आणि देताना घामाची जागा दाखवून द्यावी.

मखमलीचा झगा आणि टिकल्यांच्या ओढण्या धुता येईनात. मखमलीवर आतल्या बाजूने खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी ब्रशने झाडला. टिकल्यांसाठी एक गंमत कळली. विलायतेतल्या नाटक कंपन्यांत न धुता येणाऱ्या पोशाखांवर खेळ संपला की स्वस्तातली व्होडका फवारतात म्हणे! दारूतलं अल्कोहोल जंतू मारतं आणि मागे वास न ठेवता उडून जातं. हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे अशा काही पाहिलं, की मी घाईघाईने म्हटलं, “मी औषधाच्या दुकानातलं आणीन हो!” तिथे मिळणारं बिनरंगाचं, सत्तर टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवाऱ्याच्या बाटलीत भरावं, आतल्या बाजूने हलकेच मारावं आणि उघड्यावर वाळवावं. आधी कोपऱ्यावर मारून पाहावं, रंग फुटतो का, टिकल्यांचा गोंद सुटतो का. आणि गॅस, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळपासही हे करू नये. ते भुर्रकन पेट घेतं.

शेवटी ठेवण. कपडा कडकडीत वाळल्याशिवाय पेटीत जाऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच, जुन्या सुती पातळात गुंडाळावा. वाळलेला कडुनिंबाचा पाला, चार लवंगा किंवा वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवावा. याने कसर लागायची भीती कमी होते, मात्र आधीचा वास काही जात नाही. आणि काखेत सुती कापडाचे दुमडलेले तुकडे कच्च्या टाक्यांनी लावून ठेवावेत. नाच झाला की तेवढेच उसवून धुवावेत. सारं पोलकं भिजवायची वेळच येत नाही.

तर असा आमचा रविवार गेला. दुपारी सगळ्यांनी परसातच पिठलं-भाकरी खाल्ली. दोरीवर आठ पोलकी उलटी, अस्तरं वर करून वाळत होती. सासूबाई म्हणाल्या, “कपड्याची उलटी बाजू जगाला दाखवायला धीर लागतो गं.” त्या कपड्यांबद्दलच बोलत असाव्यात. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले.

ती मुलगी त्या दिवशी आली नव्हती. आई म्हणाली, “यील. जरा दम खाऊ द्या तिला.” मंगळवारी ती तालमीला आली. पोशाख वाटताना मी यंदा नावं काढली नाहीत. पोलकी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, ज्याला जे हवं ते घ्या. हिरवं पोलकं डॉक्टरांच्या मुलीने उचललं, रंग आवडला म्हणून! तिने नाकाशी नेलं, खांदे उडवले आणि घातलं.

संमेलन झालं. फुगडीला टाळ्या पडल्या. पण खरं सांगू का, त्या टाळ्या मला फारशा ऐकूच आल्या नाहीत. माझं लक्ष रिंगणातल्या मोकळ्या जागेकडे होतं. ती या वेळी नव्हती.

खेळ संपल्यावर मुली वर्गात कपडे बदलायला आल्या, घामाने निथळत, लालबुंद होऊन. त्या मुलीने आपलं लाल पोलकं काढलं, सवयीने नाकाशी नेलं, आणि माझ्याकडे बघून पहिल्यांदाच हसली. “बाई, आता याला माझाच वास येतोय!”

मी म्हटलं, “मग उलटं कर आणि दोरीवर टाक. रात्रीच धुवायचं आहे.”

तेव्हापासून आमच्या शाळेत तोच नियम आहे. नाच संपला की पोशाख घडी करून पेटीत नाही, तर उलटा करून दोरीवर जातो. आणि वाटप करताना सगळ्यांत वाईट पोशाख उरलाच, तर तो बाईंनी स्वतः घरी न्यायचा नि आधी धुवायचा. तुमच्याही घरी कुणाचे जुने कपडे येत असतील, तुमचेही कुणाकडे जात असतील. बोहारणीला, मोलकरणीला, गावाकडच्या भाचीला. देण्याआधी एकदा ते दोन तळव्यांत धरून गरम करा आणि नाकाशी न्या. आपल्याला सोसवत नसेल, तर ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या अंगावर ते चढवू नये, एवढंच या बाईचं सांगणं आहे.